चौथा रकाना

यंदाच्या वखरणीच्या दिवसांत गावातला एक पोट्टा दुकानात आला आणि गुटख्याच्या पुडीत गुंडाळलेली एक काळी चकती गादीवर ठेवली. "काका, चांदी हाय का पाहा बरं."

चांदी होती, हे उचलताच कळलं. जाड, कडेला ओबडधोबड, एका बाजूला फारसी अक्षरं आणि तीही अर्धीच. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून जुन्या रुपयांवर अक्षरं अशी कापली जातात. राणीछाप नव्हता, त्याआधीचा. काट्यावर 10.9 ग्रॅम भरला. कसोटीवर ओढायला हात शिवशिवला, पण ओढला नाही.

"कुठं सापडला रे?"

"वावरात. मशीननं."

मशीन त्यानं मोबाइलवरून मागवलं होतं. दांड्याला खाली तारेच्या वेटोळ्यांची चकती, वर खोका, कानाला हेडफोन. चकतीतून चुंबकीय लहरी जमिनीत जातात, खाली धातू असला की त्यात वीज खेळते आणि मशीन ओरडतं. त्याच्या वावरात ते बैलाच्या नालेवर, फाळाच्या तुकड्यावर आणि बाटल्यांच्या बुचांवर ओरडलं होतं. आपली काळी माती लाव्ह्याच्या खडकाची. तिच्यातले लोहकणसुद्धा मशीनला चकवतात. एवढ्या गोंधळात एक रुपया लागला, वीतभर खोलीवर.

मला आजोबांची वही आठवली. आम्ही पांढुर्ण्याकडच्या तिगावचे सोनार. 1954 ची ती लाल कापडाची वही अजून माझ्या पेटीत आहे. तीन रकाने: नाव, वजन, रक्कम. वजन गुंजेपर्यंत लिहिलेलं. अधूनमधून मालापुढे एकच शब्द येतो, 'मातीची'. मातीची चांदी, 14 तोळे 3 मासे. म्हणजे कुणाला तरी नांगरताना किंवा जुनी भिंत पाडताना सापडलेली. कुठल्या वावरात, कुठल्या भिंतीत, ते नाही. विचारायचं नाही, हाच तेव्हाचा शिष्टाचार.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण लहानपणी भाता माझ्या हातात असे. नाणी मुशीत पडायची, वरून टाकणखाराची चिमूट. माती आधी तडतडायची. मग कडा मऊ व्हायच्या, चकत्या एकमेकींत बसायच्या, आणि एका क्षणाला सगळं मिळून एक थरथरता आरसा व्हायचा. आजोबा सांडशीनं मूस उचलून साच्यात ओतायचे. कोणत्या बादशहाचं नाव होतं, कोणती टांकसाळ, किती नाणी एका जागी होती, सगळं त्या आरशात गेलं. त्यात आमच्या घराचा हात आहे, हे मी लपवत नाही.

लोक सरकारकडे का जात नसत? भीती. एक नाणं सांगितलं की गावात हंडा होतो, आणि हंडा झाला की कुणीतरी घर खणायला येतं. जुनी माणसं गुप्तधनाला नाग राखण असतो म्हणायची, आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं दिसतं म्हणायची. पायांकडून जन्मलेल्या पोरांना या समजुतीपायी काय काय भोगावं लागलं, ते पोलिसांच्या डायऱ्यांत आहे. महाराष्ट्राला 2013 मध्ये नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा करावा लागला, त्यात गुप्तधनाचा हव्यासही आहे. मशीननं निदान पायाळू पोराची सुटका केली.

पण मशीन हव्यास वाढवतंही. 2025 च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला. संभाजीराजांच्या फौजेनं 1681 मध्ये बुऱ्हाणपूर लुटलं, ते पडद्यावर पाहिलं आणि मार्चमध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी माणसं रात्री टॉर्च, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणू लागली. शेत कुणाचं, हे विचारायलाही कुणाला सवड नव्हती.

याच्या उलट गोष्ट आपल्याच राज्यातल्या बालाघाट जिल्ह्यातली. 1870 मध्ये गुंगेरियाला गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीतून धातू डोकावताना दिसला. खणलं तर तांब्याची 424 हत्यारं, वजन 829 पौंड, म्हणजे पावणेचारशे किलो, आणि चांदीचे 102 पातळ दागिने. तांबटाच्या भट्टीत हे सगळं एका दिवसात गेलं असतं. गेलं नाही, म्हणून भारतातल्या ताम्रनिधींची गोष्ट गुंगेरियाचं नाव घेतल्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

त्यानंतर आठ वर्षांनी, 1878 मध्ये, जमिनीत सापडलेल्या धनाचा कायदा आला. तहसीलच्या हिंदी कागदांत त्याला 'निखात निधि' म्हणतात. मूळ कायद्यात दहा रुपयांहून जास्त किमतीचा निधी सापडला की कलेक्टरला लेखी कळवायचं: काय आहे, कुठं सापडलं, केव्हा सापडलं. म्हणजे माझ्या आजोबांच्या वहीत नसलेला रकाना त्यांच्या जन्माआधीपासून कायद्यात होता! दहा रुपये तेव्हा दहा तोळ्यांची नाणी, आज एक चहा. मालक निघाला नाही आणि जमीनवाल्याशी वाटा ठरला नसेल, तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनवाल्याला एक. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर एक पंचमांश. लपवलं तर वर्षापर्यंत कैद. कायदा वाईट नाही. त्यातली शिक्षा गावाला तोंडपाठ आहे, पंचमांश मात्र कुणालाच ठाऊक नाही, एवढंच.

'कुठं' या शब्दाची किंमत मला दायमाबादवरून कळली. 1974 मध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावी झाडाची मुळं खणताना एका भिल्ल माणसाला तांब्याचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ मिळाला. मिळून साठ किलोंवर वजन. वस्तू वाचल्या, पण उत्खननाच्या थरात सापडल्या नव्हत्या. म्हणून त्या उत्तर हडप्पा काळातल्या की पुष्कळ नंतरच्या, यावर पुरातत्त्वज्ञ भांडत राहिले. एकानं शैली पाहिली, दुसऱ्यानं धातूतलं आर्सेनिक मोजलं. याउलट जोगळटेंभीला नाशिकजवळ 1906 च्या सुमारास 13,250 च्या वर चांदीची नाणी एकत्र निघाली. सगळी क्षहरात राजा नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. सातवाहनानं क्षहराताला हरवलं, याला यापेक्षा चोख पुरावा कोणता? तीच नाणी थोडी थोडी करून वेगवेगळ्या सोनारांकडे गेली असती, तर ठिकठिकाणी फक्त पावकिलो, अर्धा किलो चांदी झाली असती.

आपल्या पांढुर्ण्यालाही वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट सापडला, त्याच्या राज्याच्या एकोणतिसाव्या वर्षाचा. तांब्याचे पत्रेच ते. मोडीच्या भावात गेले असते तर या भागाचं पंधराशे वर्षांपूर्वीचं दान कुणाला कळलं असतं?

इंग्लंडात मशीनवाल्यांची संख्या मोठी. तिथे 1996 मध्ये नवा निधी-कायदा झाला आणि 1997 पासून हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यांत नोंद घेणारे अधिकारी बसले. निधी असेल तर चौदा दिवसांत कळवायचं, बाकीच्या वस्तू स्वखुशीनं दाखवायच्या. पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली. 2006 मध्ये मशीनवाल्यांसाठी आचारसंहिता झाली: मालकाची परवानगी, नांगरटीच्या थराखाली न जाणं, खड्डा बुजवणं, जागा अचूक लिहिणं. सक्ती नाही, तरी चालते, कारण दाखवायला कुणीतरी बसलेलं आहे. आपल्याकडे मशीन वापरायला प्रमाणपत्र हवं असं कुणी म्हणत असेल, तर ते मशीनच्या मालकाला नव्हे, नोंद घेणाऱ्याला आधी द्या.

मी त्या पोट्ट्याला घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो. कुठलं ते सांगत नाही. बाबूंनी नाणं उलटंपालटं केलं आणि विचारलं, "हे कोणत्या खात्यात लिहू?" दोन तासांनी अर्ज घेतला. पोच मिळाली.

घरी येऊन वहीत चौथा रकाना आखला. पहिली नोंद: फारसी रुपया एक, 10.9 ग्रॅम, तिगाव, वावराच्या दक्षिण धुऱ्यापासून सात पावलं, वीतभर खोल, मशीननं, रविवारी सकाळी. रकमेच्या रकान्यात रेघ.

पांढुर्णा, सौसर, मोहगावच्या माझ्या सराफ भावांनो, मातीची चांदी आली तर मूस तापवण्याआधी गिऱ्हाइकाला दोन शब्द विचारा, कुठं आणि केव्हा. आणि त्याला कलेक्टरकडे जायला सांगा, पंचमांशाची गोष्ट सांगून.