नामावळी आणि मतदारयादी

त्र्यंबकेश्वरातील तीर्थोपाध्यायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेलेल्या नामावळ्यांत, म्हणजे यात्रेस आलेल्या यजमानांची गाव, आडनाव आणि कूळ यांवरून नोंद ठेवणाऱ्या वह्यांत, घराण्याचा धागा बापाकडून मुलाकडे जातो आणि स्त्रीचा उल्लेख आलाच तर तो कुणाची तरी पत्नी किंवा माता म्हणून येतो. विसाव्या शतकात याच गावात मतदारयादी नावाची दुसरी नोंदवही आली. स्त्रियांच्या मताधिकाराचा इथला इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी ही दुसरी यादी पहिलीच्या रीतीतून हळूहळू सुटत जाण्याचा इतिहास होय.

स्त्रियांच्या मताच्या मागणीची पहिली ठळक नोंद 18 डिसेंबर 1917 ची आहे. त्या दिवशी सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखालील स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासमध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले आणि पुरुषांच्या बरोबरीने स्त्रियांनाही मत असावे, असे निवेदन त्यांनी दिले. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीने ही मागणी नाकारली. तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन या दोघी 1919 मध्ये लंडनला गेल्या व तिथे त्यांनी बाजू मांडली, तरीही त्या वर्षीच्या कायद्याने स्वतः अधिकार दिला नाही. तो द्यावा की न द्यावा हे प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवले. मद्रासपाठोपाठ मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने 1921 मध्ये स्त्री म्हणून असलेली अपात्रता काढून टाकली. इलाख्यातील या चळवळीच्या अग्रभागी पुण्याच्या सेवासदनाच्या रमाबाई रानडे होत्या, आणि नाशिक जिल्ह्याने हे विसरू नये, कारण न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म याच जिल्ह्यातील निफाडचा आणि रमाबाईंनी चारचौघांत केलेले पहिले भाषणही नाशिकच्या हायस्कुलातले. ते भाषण पतीने लिहून दिलेले होते. पतीने लिहिलेले शब्द वाचण्यापासून स्त्रियांसाठी स्वतंत्र मत मागण्यापर्यंतचा हा प्रवास एकाच आयुष्यात घडला.

1921 चा अधिकार सर्व स्त्रियांना मिळाला असे मात्र नव्हे. मत मालमत्तेवर, जमिनीच्या साऱ्यावर किंवा कराच्या रकमेवर अवलंबून होते आणि ती मालमत्ता स्वतःच्या नावावर असावी लागे. एकत्र कुटुंबातील घर, वृत्ती आणि शेती पुरुषांच्या नावे असल्यामुळे त्र्यंबकसारख्या क्षेत्री सधन घरातील सुवासिनीही या अटीत बसत नसे. बसू शकत होती ती विभक्त कुटुंबातील निपुत्रिक विधवा, जिला पतीच्या मिळकतीवर हयातीपुरता का होईना, हक्क पोहोचत असे. ज्या स्त्रीला हळदीकुंकवापासून दूर ठेवले जाई, मंगलकार्यात जिचे दर्शन टाळले जाई, तिलाच कायदा पहिल्यांदा नागरिक म्हणून ओळखू शकत होता, ही गोष्ट या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट मानली पाहिजे. ब्रह्मगिरीच्या कुशीतील पाड्यांवर राहणाऱ्या महादेव कोळी, ठाकर, वारली स्त्रिया या चर्चेत कुठेच नव्हत्या. त्यांच्यातील बहुतेकींच्या पुरुषांनाही मत नव्हते.

1935 च्या कायद्याने दार थोडे अधिक उघडले आणि देशभरात सुमारे 60 लाख स्त्रिया मतदार झाल्या, परंतु त्यासाठी वापरलेल्या कसोट्यांपैकी एक साक्षरतेची, तर दुसरी मालमत्ताधारक मतदाराची पत्नी असण्याची होती. अनेक स्त्रीसंघटनांनी या दुसऱ्या कसोटीला विरोध केला, आणि तो योग्यच होता, कारण त्यामुळे मतदारयादी पुन्हा नामावळीसारखी होत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची, म्हणजे मालमत्ता, शिक्षण वा लिंग न पाहता केवळ वयावर आधारलेल्या मताची, मागणी केली होती. राज्यघटनेच्या 326 व्या अनुच्छेदात तेच तत्त्व आले.

1951–52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत 17 कोटी 30 लाख मतदारांची नोंद झाली, पण सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते. हा प्रकार मुख्यतः उत्तरेकडील राज्यांत घडला. महाराष्ट्रातील अडचण निराळी होती: इथे पती पत्नीचे नवे नाव ताटातील तांदळात अंगठीने लिहितो आणि मधले नावही पतीचे लागते, त्यामुळे माहेरच्या नावाने ओळखली जाणारी आणि यादीत लागलेली स्त्री एकच आहे, हे कागदावरून उमगत नाही.

नाशिक परिसराला हक्काचे लढे आठवतात ते उंबरठ्याच्या रूपात. 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह, ज्यात स्त्रियाही होत्या, दरवर्षी स्मरला जातो. त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात स्त्रियांना प्रवेश देण्याचा प्रश्न विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या मंदिरप्रवेशाच्या याचिकेवरील उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर एप्रिल 2016 मध्ये पेटला. देवस्थानाने आधी पुरुषांनाही गाभारा बंद केला, मग स्त्रियांना सकाळचा एक तास आणि ओल्या वस्त्रांची अट घातली. चांदवडला नोव्हेंबर 1986 मध्ये भरलेल्या शेतकरी महिला आघाडीच्या अधिवेशनाची आठवणही जिल्ह्यात टिकून आहे. तिथून पुढे पंचायतींत संपूर्ण स्त्रियांची पॅनेल उभी करण्याचा विचार बळावला आणि 1989 मध्ये जळगाव जिल्ह्यातील विटनेरला तो प्रत्यक्षात आला. पंचायतींत स्त्रियांना 50 टक्के आरक्षण देणारा कायदा राज्यात 2011 मध्ये झाला. त्र्यंबकेश्वर ज्या इगतपुरी मतदारसंघात येते तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, आणि 2009 व 2014 मध्ये तिथून निर्मला गावित विधानसभेवर निवडून आल्या. 1921 मध्ये ज्या पाड्यांवरील स्त्रियांचा विचारही झाला नव्हता, तिथल्या स्त्रियांच्या मतांचा त्यात वाटा होता.

मताधिकाराला मात्र गाभाऱ्यासारखे दृश्य रूप नाही. तो मिळाला तेव्हा कुणी मिरवणूक काढून उंबरठा ओलांडला नाही, आणि ‘घटनेने दिला’ एवढ्या वाक्यात त्यामागच्या 30 वर्षांच्या मागण्या दडून जातात. नामावळीची जुनी वही यजमान आला की आजही उघडली जाते व सात पिढ्यांपूर्वीचा पुरुष तिथे सापडतो. मतदारयादी दर निवडणुकीस नव्याने छापली जाते, जुनी बाद होते, आणि ज्या आजीचे नाव घरातून पहिल्यांदा तिच्यात लागले, तिचे पान दाखवता येईल असे घर क्वचितच आढळते.