फासा, पॉइंट आणि पश्चात्ताप : रोल-प्लेइंग खेळांतील ‘बिल्ड’चा अर्धशतकी इतिहास

१/ रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम सुरू केला की पहिल्या शत्रूच्याही आधी समोर येतो तो एक कोरा तक्ता. बळ किती? बुद्धी किती? चापल्य किती? कित्येक खेळाडू या एकाच पडद्यावर तासन्‌तास रेंगाळतात. पात्राच्या या घडणीला गेमर मंडळी ‘बिल्ड’ म्हणतात. हा तक्ता आला कुठून आणि तो भरण्याचा अधिकार कोणाचा, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ या खेळांचे मूळ युद्धखेळांत आहे. भारतीय चतुरंगापासून उत्क्रांत झालेल्या बुद्धिबळाच्या पटावर १७८० मध्ये हेल्विग या जर्मन गणितज्ञाने सैन्य आणि भूप्रदेश आणले. १८२४ मध्ये प्रशियाचा लष्करी अधिकारी राइसविट्झ याने ‘क्रीग्सश्पील’ सिद्ध केला. त्यात नकाशा होता, पंच होता आणि युद्धातील अनिश्चितता दाखवण्यासाठी फासे होते. मात्र पटावरची प्रत्येक सोंगटी ही एक तुकडी होती. तिला चेहरा नव्हता.

३/ तो चेहरा मिळाला अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात. १९६९ मध्ये डेव्हिड वेझली याने ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या काल्पनिक गावावर एक खेळ बसवला. त्यात काही खेळाडूंना सैन्याऐवजी व्यक्ती दिल्या : कोणी महापौर, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू. नियोजित लढाई बाजूलाच राहिली आणि खेळाडू आपसांत कट-कारस्थाने करू लागले. वेझलीला खेळ फसला असे वाटले, पण खेळणाऱ्यांना तोच फार आवडला.

४/ त्याच मित्रमंडळातील डेव्ह आर्नेसन याने पुढे ‘ब्लॅकमूर’ ही काल्पनिक भूमी रचली. तिथली पात्रे एका बैठकीनंतर संपत नसत, अनुभवाने मोठी होत. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्स याच्यासह त्याने या कल्पनेला नियमांचे रूप दिले. १९७४ च्या आरंभी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. तीन छोट्या पुस्तिका आणि पहिली आवृत्ती अवघ्या १,००० प्रतींची.

५/ या खेळातील पात्राचे सहा गुण होते : बळ, बुद्धी, विवेक, काटकपणा, चापल्य आणि व्यक्तिमत्त्वाची छाप. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज त्याच क्रमाने मांडायची. तीन फाशांचे २१६ प्रकारे दान पडू शकते. त्यांपैकी १८ ची बेरीज फक्त एकदा येते, तर १० किंवा ११ ही बेरीज ५४ वेळा येते. म्हणजे फाशांच्या पोटातून बहुधा सामान्य माणूसच जन्माला येई.

६/ इथला क्रम महत्त्वाचा आहे. आधी आकडे, मग माणूस. बळ ६ आणि बुद्धी १५ आली, तर मनात कितीही शूर योद्धा असला तरी शहाणपण मांत्रिक होण्यातच. दैव आधी आणि प्रयत्न नंतर, असा हा व्यवहार होता. आरंभीची पात्रे पटापट मरत आणि नवे पात्र काही मिनिटांत तयार होई, म्हणून हा अन्याय फारसा बोचत नसे.

७/ पण पात्र जितके अधिक काळ जगे, तितका त्याच्यात जीव गुंते. १९७८ च्या नियमपुस्तकात ‘पॅलेडिन’ या धर्मयोद्ध्यासाठी छाप किमान १७ हवी होती. तीन फाशांवर ही शक्यता ५४ मध्ये १. पुढच्याच वर्षी सूत्रधारासाठीच्या ग्रंथात नवी पद्धत आली : चार फासे टाका, सर्वांत लहान वगळा आणि बेरजा हव्या त्या गुणांना द्या. दैवाच्या तटाला पडलेले हे पहिले अधिकृत खिंडार.

८/ दैववादाचे टोक गाठले ते १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ने. या अंतराळखेळात पात्राचे पूर्वायुष्यही फाशांवर ठरे : नौदलातील नोकरी, बढती, निवृत्ती. प्रत्येक कालखंडाला जगण्यावाचण्याचा फासा टाकावा लागे. तो चुकला तर पात्र तयार होता होताच मरे आणि खेळाडू पुन्हा कोऱ्या कागदाशी येऊन बसे.

९/ त्याच १९७७ साली याच्या नेमका उलट विचारही छापला गेला. स्टीव्ह जॅक्सन याच्या ‘मेली’ या छोट्या द्वंद्वखेळात फक्त दोनच गुण होते, बळ आणि चापल्य. प्रत्येकी ८ मूळचे आणि वर ८ पॉइंट खेळाडूने वाटायचे. बेरीज सगळ्यांची २४. बळ वाढवले की चापल्य घटलेच. फाशांनी श्रीमंत आणि गरीब निर्माण केले होते. पॉइंटांनी सर्वांच्या हाती सारखेच भांडवल दिले.

१०/ ‘चॅम्पियन्स’ने १९८१ मध्ये महानायकांची घडण याच तत्त्वावर केली. १९८६ मध्ये जॅक्सननेच ‘गर्प्स’ आणला. त्यात नव्या नायकासाठी सामान्यतः १०० पॉइंट मिळत आणि एखादे व्यंग वा व्यसन पत्करले तर आणखी काही हाती येत. हा बदल साधा वाटतो, पण खोल आहे. आता पात्रातल्या उणिवेची जबाबदारी फाशांवर ढकलता येत नव्हती. ती खेळाडूने स्वतः निवडलेली असे.

११/ तिसरी वाट सरावाची. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये योद्धा, मांत्रिक असे ठरीव वर्ग नव्हते. जे कौशल्य वापरावे तेच वाढे. हीच कल्पना पुढे ‘डॅगरफॉल’ (१९९६) आणि ‘मॉरोविंड’ (२००२) या संगणकीय खेळांत रुजली. परिणाम मजेशीर झाला. उडी मारण्याचे कौशल्य वाढावे म्हणून ‘मॉरोविंड’चे खेळाडू गावोगाव चालण्याऐवजी उड्या मारत फिरू लागले.

१२/ संगणकावर हा तक्ता पोहोचला तो लवकरच. इलिनॉय विद्यापीठात जन्मलेल्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणकप्रणालीवर १९७५ मध्येच असे खेळ लिहिले गेले. त्यांपैकी एकाचे नाव ‘पीएडिट५’. व्यवस्थापकांच्या नजरेतून सुटावे म्हणून ते असे रुक्ष. तरीही तो वारंवार पुसला जाई. फासे टाकण्याचे काम आता यंत्राने घेतले होते.

१३/ यंत्राने आणखी एक गोष्ट नकळत बदलली. टेबलाभोवती मित्र बसलेले असताना नकोसे दान पुन्हा टाकायला संकोच वाटतो. यंत्रापुढे लाज कसली? कॉर्नेल विद्यापीठातील ग्रीनबर्ग आणि वुडहेड यांच्या ‘विझर्ड्री’त (१९८१) नव्या पात्राला वाटायला काही जादा पॉइंट मिळत. किती मिळणार ते नशिबावर. बहुधा थोडेच, क्वचित पुष्कळ. खेळाडू ते भाग्यवान पात्र मिळेपर्यंत पात्रे निर्माण करून टाकून देत राहिले.

१४/ ‘बाल्डर्स गेट’ने (१९९८) तर त्यासाठी पडद्यावर बटणच दिले. ते दाबले की नवे दान. चांगले दान जपून ठेवून आणखी चांगल्याच्या शोधात पुढेही जाता येई. शेकडो वेळा बटण दाबण्यात संध्याकाळ घालवणारे खेळाडू त्या काळी विरळ नव्हते. दैव नावापुरतेच उरले. ज्याच्यापाशी सवड आणि चिकाटी, त्याचा नायक जन्मतःच असामान्य.

१५/ याआधी एक वेगळाच प्रयोग होऊन गेला होता. रिचर्ड गॅरियट याच्या ‘अल्टिमा ४’मध्ये (१९८५) आरंभी ना फासे ना पॉइंट. एक जिप्सी स्त्री पत्ते मांडून नैतिक पेच घालते. सत्य की करुणा? न्याय की त्याग? उत्तरांतून आठ सद्‌गुणांपैकी खेळाडूचा कल कळतो आणि त्यावरून त्याचा वर्ग ठरतो. तक्ता भरण्याऐवजी खेळाडूच्या मनाची झडती घेतली जाई.

१६/ पॉइंटांच्या परंपरेचा कळस ‘फॉलआउट’मध्ये (१९९७) दिसतो. हा खेळ आधी ‘गर्प्स’च्या नियमांवर बेतला जात होता. तो करार मोडल्यावर निर्मात्यांनी घाईने स्वतःची पद्धत रचली. सात गुण, प्रत्येकी ५ आणि वर ५ पॉइंट. एकूण ४०. कोणताही गुण १ ते १० मध्ये. एखादा वाढवायचा तर दुसरा कमी करण्याची मुभा होतीच.

१७/ खरी करामत आकड्यांच्या पलीकडे होती. बुद्धी फार कमी ठेवली, तर नायकाला धड बोलताच येत नसे. संवादांच्या जागी हुंकार उमटत, लोक कीव करत वा हाकलून देत, काही कामे मिळतच नसत. म्हणजे तक्त्यावर केलेल्या काटकसरीची जगाने दखल घेतली. पात्राचा दुबळेपणाही कथेचा भाग झाला. ‘बिल्ड’ला अर्थ लाभतो तो इथे.

१८/ तीन वर्षांनी ‘डायब्लो २’ने (२०००) दुसरी दिशा पकडली. प्रत्येक वर्गासाठी कौशल्यांचे तीन वृक्ष आणि पातळी चढली की हाती एक पॉइंट. एकदा दिलेला पॉइंट परत घेण्याची सोय नव्हती. सर्वांत प्रभावी कौशल्ये तिसाव्या पातळीवर खुली होत. त्यामुळे जाणते खेळाडू तोवर पॉइंट साठवून ठेवत आणि पुढचे सुख डोळ्यांसमोर ठेवून अर्धा खेळ दुबळ्या नायकानिशी ओढत.

१९/ चूक महाग झाली की सल्ल्याला भाव येतो. आंतरजालावर तयार बिल्डांचे आराखडे पसरले : कोणते कौशल्य, कितव्या पातळीला, किती पॉइंट. २००३ च्या सुधारणेने कौशल्यांचे परस्परसंबंध बदलले. जुने हिशेब कोलमडले आणि नवे आराखडे लिहिले गेले. फाशांच्या हातून सुटलेला तक्ता खेळाडूच्या हाती थोडाच काळ राहिला. तो आता गर्दीच्या गणिताकडे निघाला होता.

२०/ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये (२००४) हे ठळक झाले. तिथे पॉइंट परत घेता येत, पण शुल्क देऊन. पहिल्यांदा एक सुवर्णमुद्रा, नंतर वाढत ५० पर्यंत. कौशल्यवृक्ष मोठे होते, पण बहुतेक जण तेच ते सर्वोत्तम आराखडे उतरवून घेत. २०१२ मध्ये निर्मात्यांनी वृक्ष काढून मोजके पर्याय ठेवले. २०२२ मध्ये वृक्ष पुन्हा लावले. नक्कल होणारी असली तरी निवड खेळाडूंना हवीच होती.

२१/ पुढे पश्चात्तापाची वाट रुंद होत गेली. ‘डायब्लो २’ने २०१० मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी, पॉइंट परत घेण्याची मुभा दिली. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) विदर्स नावाचा अस्थिपंजर १०० मुद्रांत नायकाचा वर्गसुद्धा बदलून देतो. सकाळचा योद्धा संध्याकाळी मांत्रिक! ज्या मालिकेत कधी दानासाठी रात्री जागवल्या गेल्या, तिथे आता दान नाही आणि बंधनही जवळपास नाही.

२२/ यावर गेमर मंडळींत दोन तट आहेत. एक म्हणतो, परतीची वाट असली की निवडीला किंमत उरत नाही. दुसरा म्हणतो, ज्याच्यापाशी रोज तासभरच वेळ आहे, त्याने चाळीस तासांपूर्वीच्या अजाण चुकीची शिक्षा का भोगावी? दुसऱ्या तटाचे म्हणणे सहज टाळता येत नाही. चुकण्याची भीती ओसरली, तर दुसऱ्याचा आराखडा उतरवण्याची निकडही ओसरते.

२३/ पहिल्या तटाची तक्रारही खरी आहे, पण तिचा रोख चुकतो. एस्टोनियात मुळे असलेल्या निर्मात्यांचा ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) पाहावा. चार गुण, २४ कौशल्ये आणि प्रत्येक कौशल्य नायकाच्या डोक्यात बोलते. ज्ञान वाढवले तर ते भलत्या वेळी निरुपयोगी माहिती पाजळते. वाढवलेला आकडाही अडचणीत आणतो आणि फसलेल्या प्रयत्नातून कथा वेगळे वळण घेते. इथे ‘सर्वोत्तम’ बिल्ड शोधण्यातच फारसे हशील नाही.

२४/ पन्नास वर्षांत तक्त्याचा ताबा फाशांकडून खेळाडूकडे, खेळाडूकडून गर्दीकडे आणि काही अंशी पुन्हा खेळाडूकडे आला. या प्रवासात टिकले ते बिल्ड एका बाबतीत सारखे आहेत : त्यांत काहीतरी सोडून दिलेले होते आणि खेळातील जगाला ते जाणवत होते. १९७४ चा बळ ६ असलेला मांत्रिक आणि १९९७ चा धड बोलू न शकणारा भटका, दोघेही खेळणाऱ्यांच्या स्मरणात राहिले ते त्यांच्या उणिवांसह.

२५/ म्हणून पुढच्या वेळी कोरा तक्ता समोर आला, की आराखडा शोधण्याआधी एक आकडा मुद्दाम कमी ठेवून पाहावा आणि तसेच पुढे जावे. खेळ चांगला असेल तर त्या कमतरतेला तो उत्तर देईल. नसेल तर परतीच्या वाटेसाठी १०० मुद्रा गाठीशी असतातच. (समाप्त) #इतिहास #मराठी