कोरडे गाव, ओली बराक

आमच्या पेण-रोह्याकडचा पोरगा फौजेत भरती झाला, की आई फराळाचा डबा बांधून देते. बराकीतल्या दारूविषयी मात्र कुणी बोलत नाही. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गावात दारू निषिद्ध झाली. त्याच्याच ३९ व्या कलमाने लष्करी मेस-कँटीनला सवलतीची वाट ठेवली. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. उलट १९५० च्या लष्करी कायद्याने झिंगणे गुन्हा ठरवले, आणि आत्महत्येचा प्रयत्नही! मग घराच्या आठवणीने खचलेल्या रंगरुटाने मन मोकळे करावे कुठे? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न तीव्र ताणातून झाला असे मानले. लष्करी कलम तसेच राहिले. म्हणून मी म्हणतो, पोरगा फोनवर नुसते ‘बरा आहे’ म्हणाला, तर पुन्हा एकदा विचारा.