टोपीवाला हिरवा माणूस (थ्रेड)

१३ ऑक्टोबर १९६१. बर्लिनची भिंत उभी राहू लागल्याला नेमके दोन महिने झाले होते. त्या दिवशी पूर्व बर्लिनमध्ये कार्ल पेगलाऊ या वाहतूक-मानसशास्त्रज्ञाने पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र सिग्नलचा प्रस्ताव मांडला.

त्या काळी तेथे वाहने आणि पादचारी यांना एकच दिवे होते. पेगलाऊंचा आक्षेप असा की, लाल-हिरवा भेद ज्यांना दिसत नाही त्यांना एकदा वाहन चालवण्यास मज्जाव करता येईल; पायी चालण्यास कसा करणार?

म्हणून त्यांनी रंगाला आकार दिला. लाल माणूस समोर तोंड करून, दोन्ही हात आडवे पसरून उभा: जणू रस्त्यावरचा अडसर. हिरवा माणूस लांब टांग टाकून निघालेला. रेखाटन त्यांच्या सचिव आनेलीझे वेगनर यांचे. डोक्यावरची टोपी समाजवादी राज्यात ‘मध्यमवर्गीय’ ठरेल, अशी पेगलाऊंना धास्ती होती. ती खोटी ठरली. आकृतीची गुटगुटीत अंगलटही हेतुपूर्वक होती. तिच्यातून प्रकाश अधिक बाहेर पडतो.

१९६९ मध्ये उंटर डेन लिंडन आणि फ्रीडरिखश्ट्रासे यांच्या चौकात हे सिग्नल प्रथम लागले. १९९० च्या एकीकरणानंतर ते हटवले जाऊ लागले, तेव्हा लोकांनी विरोध केला. माणूस टिकला, पुढे पश्चिम बर्लिनमध्येही पोहोचला.

आता हाच चौक मॉडेल रेल्वेच्या शहरात १:८७ प्रमाणात उभारायचा, तर सिग्नलची २० सेंटिमीटरची काच जेमतेम २.३ मिलिमीटरची होते. एवढ्याशा जागेसाठी अनेक जण दुरंगी एलईडी वापरतात. (निक होलोन्याक यांचा लाल एलईडी १९६२ चा, म्हणजे पेगलाऊंच्या प्रस्तावानंतर वर्षभरातला.)

दोन पायांच्या दुरंगी एलईडीत लाल आणि हिरवा हे दोन डायोड परस्परांच्या उलट दिशेने जोडलेले असतात. एकसरीत एक रोधक लावून प्रवाह एका दिशेने सोडला की लाल, दिशा उलटवली की हिरवा. एकाच वेळी दोन्ही दिशांनी प्रवाह वाहू शकत नाही. त्यामुळे ‘थांबा’ आणि ‘चला’ एकदम पेटण्याची भीती नाही. तीन पायांच्या प्रकारात ती असते: दोन्ही रंग एकत्र लागले की पिवळट उजेड पडतो. तेथे प्रत्येक रंगाला वेगळा रोधक द्यावा आणि दोन्हींपैकी एकच जोडणारा स्विच वापरावा.

विद्युतदृष्ट्या ही जोडणी चोख आहे. परंतु एकाच ठिपक्यात आकार उरत नाही, वर लाल-खाली हिरवा हा क्रमही उरत नाही. उरतो केवळ रंग. पेगलाऊंची तक्रार नेमकी त्याबद्दलच होती. त्यामुळे काही चोखंदळ कारागीर त्याच इवल्या खांबावर दोन वेगळे एलईडी एकाखाली एक बसवतात आणि त्यांच्यापुढे टोपीवाल्या माणसांची फिल्म लावतात.