संशोधन-नौकेवरील दिनचर्या

कडावच्या शेतकऱ्यास समुद्राशी काय कर्तव्य, असे कोणी विचारल्यास आम्ही त्यास मृगाच्या पावसाकडे बोट दाखवू. आपल्या भातखाचरांवर बरसणारे ढग अरबी समुद्रावरून येतात आणि तेच पाणी कर्जतची उल्हास नदी वसईच्या खाडीवाटे पुन्हा समुद्रास पोहोचवते. तेव्हा ज्यांनी त्या समुद्राचे मोजमाप केले, त्यांची हकीकत आपल्याला परकी नाही.

1959 ते 1965 या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. तीत अमेरिकेची 'अँटन ब्रून' ही नौका होती. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची ती पूर्वीची विहारनौका! आपल्या आरमाराची 'किस्तना' मात्र युद्धासाठी बांधलेली, 1943 साली पाण्यात उतरलेली. नाव आपल्या कृष्णा नदीचेच. 1962 पासून या लढाऊ जहाजावर शास्त्रज्ञ वावरू लागले.

अशा जहाजावर चालणे हीच पहिली विद्या. शिड्या उभ्या, बोळ अरुंद. लाटांचे पाणी आत शिरू नये म्हणून दारांचे उंबरठे उंच. एक हात कठड्यावर हवाच. उरलेल्या हाताने काय न्यायचे ते न्यावे. जेवताना ताट घसरते, निजताना माणूस. गोडे पाणी जपून वापरायचे. पाळ्या चार-चार तासांच्या; समुद्राला रात्र नसते.

ठरल्या जागी जहाज थांबले की यारीवरून तारेला बांधलेल्या धातूच्या नळ्या खोल सोडीत. मग वरून एक वजन तारेवरून सोडायचे. त्याच्या आघाताने नळी उलटते, त्या खोलीचे पाणी आत कोंडले जाते आणि उष्णतामापकातील पाऱ्याचा धागा तुटून तेथील उष्णता कायम दाखवतो. हे काम तासन्‌तास चाले.

आता विचार करा. मध्यरात्र, मळमळ, ओला डेक. अशा वेळी अंदाजाने आकडा लिहिला तर कोण पाहणार? पण तो क्षण आणि ते पाणी पुन्हा हाती येत नाही. खोटा आकडा नकाशात तसाच राहतो. पावसाचे शास्त्र या प्रामाणिकपणावर उभे आहे.

या मोहिमेतूनच 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे ठाणे गोव्यात आहे. पुढे 'गवेषणी' आणि 'सागरकन्या' या नौका आल्या. आता पाऱ्याची जागा विजेच्या उपकरणांनी घेतली आहे. जागणारा माणूस मात्र अजून लागतोच.