कडुलिंबाची परीक्षा

नाणेघाट आणि भीमाशंकराच्या भातखाचरांपासून कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या काठच्या उसाच्या फडांपर्यंत पसरलेल्या जुन्नर-आंबेगावच्या मुलखात, धान्यामागे उंदीर आणि उंदरामागे सर्प या क्रमाने, नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांचाही वावर मनुष्यवस्तीलगत पूर्वापार राहिला आहे. दंश झालेल्या माणसास मारुतीच्या देवळात बसवून मांत्रिकास पाचारण करावे आणि त्याच्या तोंडी कडुलिंबाचा पाला द्यावा, हा महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांचा रिवाज येथेही होता. पाला कडू लागला तर विष चढले नाही, गोड लागला तर चढले, असा निवाडा ठरलेला असे.

या रिवाजाला केवळ अज्ञान म्हणून मोडीत काढणे मला अन्यायाचे वाटते, कारण देहाची परीक्षा करून मग निर्णय द्यावा ही बुद्धी त्याच्या मुळाशी होती. परंतु परीक्षेसाठी निवडलेले इंद्रियच चुकले. नागाचे व मण्यारीचे विष रुचीच्या वाटेला जातच नाही. मेंदूचा हुकूम मज्जातंतूच्या टोकापर्यंत बिनचूक पोहोचतो, पण तेथून तो स्नायूच्या स्वाधीन व्हावयाचा, नेमक्या त्या सांध्यावर हे विष त्यास अडवते. आणि म्हणून पापण्या जड होतात, गिळवत नाही, वाचा जाते, मान ढळते, आणि अखेरीस श्वासपटल व बरगड्यांमधील स्नायू थांबले म्हणजे हृदय चालू असतानाही प्राणवायूवाचून मृत्यू ओढवतो. मण्यार तर रात्री जमिनीवर निजलेल्यास डसते, दंशाची वेदना जवळजवळ नसते, पहाटे पोटात कळा येतात, आणि डोळे उघडता न येणारा तो रुग्ण भोवतालचा आक्रोश अनेकदा ऐकत असतो! घोणस व फुरसे यांचा मार्ग निराळा: ती रक्त गोठविणारी द्रव्येच खर्ची पाडतात, त्यामुळे हिरड्यांतून व लघवीवाटे रक्त जाते, आणि घोणशीच्या दंशाने मूत्रपिंडेही निकामी होतात.

तरीही मांत्रिकाचा लौकिक टिकला, कारण बिनविषारी सर्पाचा किंवा विष अंगात न शिरलेला दंश झालेली माणसे कोणत्याही इलाजावाचून बरी होत आणि त्यांचे श्रेय मंत्राच्या खाती जमा होई. 1895 च्या सुमारास कालमेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तद्रवातून प्रतिविष सिद्ध केले. पुढे परळच्या हाफकिन संस्थेतही घोड्यांच्या रक्तापासून ते तयार होऊ लागले. पण मुंबईतील कुपी घाटमाथ्यावरील वाडीच्या उपयोगी पडावयाची, तर रस्ता, वाहन आणि रुग्णाचा श्वास हाताने किंवा यंत्राने चालू ठेवणारा वैद्य, ही सारी तजवीज लागते. नारायणगावी डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारास वाहून घेतले, ही या मुलखाच्या इतिहासातील मोठी घटना मी समजतो.

तेव्हा दंश झाल्यास पाल्याची चव पाहण्यात घटका न दवडता, दंशाचा अवयव न हालविता, जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव वा मंचर यांपैकी जे रुग्णालय जवळ असेल तेथे रुग्णास थेट न्यावे. आणि पावसाळ्यात जमिनीवर निजण्याऐवजी खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून निजावे.