क्रियापदाचा तक्ता आणि भंडाऱ्याचा ‘मी’

‘जाऊन राहिलो’ हे क्रियारूप भंडारा जिल्ह्यात, किंबहुना एकूण विदर्भात, नित्याच्या बोलण्यातले आहे. शालेय व्याकरणाच्या तक्त्यात मात्र त्याला घर नाही. तेथे ‘मी जात आहे’ असते, आणि ‘जाऊन राहिलो’ हे हिंदीच्या संगतीने बिघडलेले रूप म्हणून बाजूला सारले जाते. हा निवाडा ज्या तक्त्याच्या आधारे दिला जातो, त्याचा इतिहास तपासल्यावाचून निवाड्याची योग्यायोग्यता ठरत नाही.

नवशिक्याला परभाषा शिकविताना पुरुष आणि वचन यांची सहा घरे आखून त्यांत क्रियापद चालवून दाखविण्याची रीत लॅटिन अध्यापनातली. आंतोनिओ दे नेब्रिखा याने 1492 मध्ये कॅस्टिलियन, म्हणजे आज जिला स्पॅनिश म्हणतात त्या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्याचा पाचवा भाग परभाषकांसाठी लिहिलेला असून त्यात नामे आणि क्रियापदे चालवून दाखविली आहेत. स्पॅनिशला ही घरे मोठ्या प्रमाणात मानवतात. ‘बोलणे’ या अर्थाच्या धातूची वर्तमानकाळी एकवचनी रूपे आब्लो, आब्लास, आब्ला अशी होतात. तिन्ही भिन्न असल्यामुळे ‘यो’ (मी), ‘तू’ (हा तर आपल्या ‘तू’चाच दूरचा भाऊबंद) ही कर्तृसर्वनामे एरवी गाळली जातात आणि भर द्यायचा किंवा विरोध दाखवायचा असेल तेव्हाच उच्चारली जातात. पण अपूर्ण भूतकाळात प्रथम आणि तृतीय पुरुष दोहोंचे रूप ‘आब्लाबा’ असे एकच होते. तेथे संदर्भ पुरेसा नसला की सर्वनाम परत आणावे लागते. सर्वनामाची गरज क्रियापदाच्या प्रत्ययावर अवलंबून असते, ही गोष्ट स्पॅनिशच्या पहिल्याच पाठात अशी उघडी पडते.

हाच लॅटिन साचा पोर्तुगीजांच्या मागोमाग कोकणपट्टीत उतरला. थॉमस स्टीफन्सचे कोकणीचे पोर्तुगीज व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, 1640 मध्ये राचोल येथे छापले गेले. विल्यम केरीने फोर्ट विल्यम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी 1805 मध्ये मराठीचे इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 चे. त्यावरही इंग्रजी व्याकरणाची छाया आहेच. परकीयांच्या सोयीसाठी आखलेली घरे अशा रीतीने मराठी मुलाच्या पाटीवर आली.

मराठी त्यांत नीट बसत नाही. एक तर तिचे क्रियापद पुरुषाबरोबर लिंगही सांगते: जातो, जाते. दुसरे म्हणजे ‘मी जातो’ आणि ‘तो जातो’ यांत क्रियारूप एकच आहे. जुन्या वर्तमानकाळात पुरुषभेद प्रत्ययाने राखलेला होता. त्याची ‘जाई, जाईस’ ही रूपे पुढे रीतिभूतकाळाकडे गेली आणि वर्तमानकाळाची जागा कृदन्ताने घेतली. तिसरी अडचण सर्वांत मोठी. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्त्याकडे पाठ फिरवून कर्माकडे पाहते: मी पोथी वाचली, त्याने पोथी वाचली. ‘वाचली’वरून वाचणारा कळत नाही. प्रयोगविचारावरून मराठी व्याकरणकारांत जो दीर्घ वाद झाला आणि ज्याचा विस्तृत परामर्श मोरो केशव दामले यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त घेतला, त्याचे मूळ येथे आहे.

या अडचणीचा जुना पुरावा भंडाऱ्याशीच जोडलेला आहे. चक्रधरांचे आरंभीचे शिष्य नीळभट्ट हे भंडाऱ्याचे, म्हणूनच भांडारेकार. त्यांच्या भेटीच्या लीळा म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त आहेत. त्या गद्यातील संवादांत बोलणाऱ्याचा तृतीयान्त निर्देश पुनःपुन्हा येतो. श्रद्धेने झालेला नामोच्चार म्हणून त्याकडे पाहिले जाते, आणि ते खोटे नव्हे. परंतु ‘म्हणितलें’ हे रूप बोलणारा कोण ते सांगत नसल्यामुळे संवादलेखनाला तो निर्देश आवश्यकही होता.

आता ‘जाऊन राहिलो’कडे वळावे. पूर्व विदर्भाच्या बोलीत द्वितीय पुरुषाचा ‘-स’ बहुधा गळतो. ‘तू जातोस’ऐवजी ‘तू जातो’. म्हणजे पुल्लिंगी एकवचनात मी, तू, तो या तिघांनाही ‘जातो’ हे एकच रूप, आणि सर्वनाम जवळजवळ अपरिहार्य. असे असताना चालू क्रियेसाठी मात्र ही बोली ‘मी जाऊन राहिलो, तू जाऊन राहिला, तो जाऊन राहिला’ अशी रूपे वापरते, आणि त्यांत प्रथम पुरुष स्वच्छ वेगळा निघतो. प्रमाण भाषेत ‘मी जात आहे, तो जात आहे’, भेद सर्वनामातच. घडण हिंदीच्या ‘जा रहा हूँ’शी जुळते, हे मान्य करावे. परंतु हिंदीत प्रथम पुरुष ‘हूँ’ने कळतो, तर येथे तो ‘-लो’ या मराठीच्या स्वतःच्या प्रत्ययाने कळतो, ‘आलो, गेलो’मध्ये कळतो तसाच. बाहेरची चौकट घेऊन बोलीने तिला घरचा प्रत्यय लावला आहे. याला बिघाड म्हणणे अभ्यासाचे लक्षण नव्हे.

ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या 1905 च्या सातव्या खंडात नागपुरी मराठीचा स्वतंत्र विचार आहे, आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातील झाडीबोलीवर पुढे स्थानिक अभ्यासकांनी काम केले. वर्गातील तक्ता तरीही हलला नाही. भंडाऱ्याच्या मुलाच्या वहीत आलेले ‘घरी जाऊन राहिलो’ हे वाक्य कर्ता न लिहिताही पूर्ण असते. ते खोडून ‘घरी जात आहे’ केले की दुरुस्ती करणाऱ्याला आरंभी ‘मी’ही घालावा लागतो.